काठ

तीनशे ऐंशी ते चारशे वीस ग्रॅम,
दोन्ही धरून.
एवढ्या वजनाचा टॉवेल पास, बाकी छाट.
कारखान्याच्या वहीत हे निळ्या शाईत होतं,
आमच्या कोडमध्ये एका ओळीत.

सादिक नदाफनं टेस्ट लिहिल्या हजार एक.
शून्य ग्रॅम, एक ग्रॅम, दोन ग्रॅम,
असं करत हजारापर्यंत.
प्रत्येक ग्रॅमला नवा डेटाबेस, नवं लॉगिन,
चौदा मिनिटं.
तोवर आम्ही खाली जाऊन चहा पिऊन यायचो,
अक्कलकोट रोडवर एप्रिलचं डांबर चपलेला चिकटायचं,
वर आलो की स्क्रीन हिरवीगार.
"एकपण सुटला नाही, मॅडम."
मलाही बरं वाटायचं. हजार म्हणजे हजार.

मग एका मंगळवारी लाईट गेली,
सातशे बाराव्या टेस्टला.
इन्व्हर्टर आधीच मेलेला.
मी फोल्डिंग खात्यात जाऊन बसले,
तिथं खिडकी तरी होती.

राजमणीअक्का येमुल, अठ्ठावीस वर्षं चेकर.
पुढ्यात छातीएवढी थप्पी,
आणि ती एकही टॉवेल पुरता उलगडत नव्हती.
हा कोपरा, तो कोपरा,
किनारीवरून अंगठा,
मध्ये कुठंतरी एकदाच तळवा.
पुढचा.
"सगळा नाही बघत, अक्का?"
"कशाला गं सगळा?
मधलं मधल्यासारखंच राहतंय.
धोटा वळतो तिथं चुकतो.
अंचू बघायचं, अंचू."

हा शब्द माझ्या आईचा.
ती इरकलीच्या काठाला म्हणायची.
नोकरी लागल्यापासून मी त्याला बाउंड्री म्हणत होते
आणि बघत मात्र नव्हते.

लाईट आली. मी लूप पुसला.
वही उघडी ठेवून, वहीतलंच बघून लिहिलं:
तीनशे एकोणऐंशी, छाट.
तीनशे ऐंशी, पास.
चारशे, पास. हा तळव्यापुरता, एकच.
चारशे वीस, पास.
चारशे एकवीस, छाट.
शून्य, म्हणजे काट्यावर टॉवेलच नाही.
वजा तीन, म्हणजे काटाच बिघडला.
रिकामी जागा.
आणि 'चारशे' असं अक्षरात,
कारण रात्रपाळीचा म्हाळप्पा असंही टाकतो.
नऊ.
डेटाबेस नाही, लॉगिन नाही,
आकडा आत, उत्तर बाहेर.
पापणी लवायच्या आत संपल्या.
आठ हिरव्या.

चारशे वीस लाल.

'पेक्षा कमी'चं चिन्ह होतं तिथं.
'किंवा तितकंच'ची ती खालची बारकी रेघ
कुणीतरी, म्हणजे मीच,
मागच्या ऑगस्टात विसरले होते.
आणि सादिकच्या हजार एक टेस्टमधलं अपेक्षित उत्तर
माझ्याच ओळीवरून उचललेलं.
चुकीलाच विचारत होतो, तू बरोबर ना?
हजार एक वेळा.
ती दर वेळी हो म्हणाली.

सादिक गप्प. मग म्हणाला,
"हजारात एकच, मॅडम."
मी ऑगस्टपासूनची यादी काढली.
बरोब्बर चारशे वीसचे, छाटलेले, दोनशे सहा.
त्यातले एकशे अडतीस एकाच मागावरचे.
माग नंबर सतरा. व्यंकटेश म्याकल.
मास्तरनं चारशे वीस म्हटलं की चारशे वीस,
ना सुताचं टोक जास्त, ना कमी, असा हात.
नगामागं सहा रुपये कापलेले.

रेघ घातली. नऊ हिरव्या.
आणि खाली गेले.
मागांच्या खडखडाटात तीनदा ओरडून सांगितलं,
चूक आमची, पैसे परत मिळतील.
त्यानं माग थांबवला नाही.
तुटलेला धागा गाठवत, माझ्याकडं न बघता विचारलं,
"अन् तीनशे ऐंशीचं?"
ते बरोबर आहे, म्हटलं.
"बघितलंत?"

बघितलं.
आज.